थव्याचा मुकादम कोण?

हिवाळा लागला की उजनीच्या फुगवट्यावरचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. दिवस मावळतीला आलेला, करमाळ्याच्या बाजूला पाण्यावर भोरड्यांचा थवा उठलेला. हजारो पाखरं एकदम वळतात, आवळतात, पसरतात, मध्येच थवा दुभंगतो आणि पुन्हा एक होतो. टक्कर नाही, गोंधळ नाही. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या: ‘यांचा म्होरक्या कोण असेल?’, ‘शिस्त शिकावी ती यांच्याकडून!’

म्होरक्या कुणीच नसतो. आणि आपण जिला शिस्त म्हणतो तीही तिथे नसते, कारण शिस्त लावायला कुणीतरी लावणारा लागतो. इथे घडतं ते वेगळंच. ज्यांना अख्खं चित्र कधीच दिसत नाही अशा पुष्कळ घटकांच्या आपापसातल्या साध्या देवघेवीतून एक मोठी रचना उभी राहते, जी कुणी आखलेली नसते. याला शास्त्रात ‘स्वयंसंघटन’ म्हणतात. शब्द जड आहे, पुढे शक्यतो टाळू. गोष्ट मात्र लांबची नाही. सोलापूरकराला ती आभाळात दिसते, काळ्या रानात दिसते, पुण्याच्या हायवेवर भोगावी लागते आणि मागांच्या खडखडाटात ऐकूही येते.

## एका पाखराला काय ठाऊक असतं?

भोरडी, म्हणजेच पळस मैना, इथली नव्हे. वीण मध्य आशियाच्या बाजूला, आणि पावसाळा सरता सरता ती आपल्याकडे उतरते. दिवसभर नाकतोडे, टोळ, फुलं, फळं आणि हुरड्यातली ज्वारी. रात्रीला ऊस, बाभळीचं बन किंवा पाणकणसाचं बेट. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची वेळ ज्या पाखरांपायी येते त्यांत ही आघाडीवर.

१९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने पडद्यावर थवा उडवून दाखवला. थव्याचा आकार त्याने कुठेच लिहिला नव्हता. प्रत्येक ठिपक्याला तीनच नियम दिले होते: शेजाऱ्याच्या फार जवळ जायचं नाही, शेजारी जिकडे निघालेत तिकडे तोंड ठेवायचं, आणि शेजाऱ्यांपासून फार लांब पडायचं नाही. एवढ्यावर ठिपके थव्यासारखे वळू लागले.

तिन्हींतला एकेक नियम काढून पाहिला की त्याचं काम कळतं. अंतर राखायचा नियम काढला तर सगळे एका बिंदूत गोळा होतात. दिशेचा काढला तर घोळका टिकतो, पण संध्याकाळी दिव्याखाली चिलटं घोंघावतात तसा जागच्या जागी. तो कुठे जात नाही. जवळ राहायचा नियम काढला तर थोडा वेळ सगळे एका दिशेने जातात आणि हळूहळू पांगतात.

हे झालं संगणकातलं. खऱ्या पाखरांचं मोजमाप रोममध्ये झालं, तेही भोरडीचं नव्हे, तिच्या युरोपातल्या भाऊबंदांचं. तिथल्या मुख्य रेल्वे स्टेशनाजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅमेरे लावून थव्यातल्या एकेका पक्ष्याची जागा तिन्ही मितींत काढली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे पाहत नाही. जवळचे सहा-सात शेजारी पाहतो, मग ते हातभर अंतरावर असोत की चार हात. फरक किरकोळ वाटतो, पण थव्याचा जीव त्यातच आहे. बहिरी ससाणा थव्यात घुसला की पाखरं क्षणात पसरतात. ‘दोन मीटरच्या आतले शेजारी’ असा नियम असता तर पसरल्याबरोबर शेजारी संपले असते आणि थवा फुटला असता. ‘सात शेजारी’ या नियमात अंतर वाढलं तरी धागा तुटत नाही.

वळणं कसं घडतं तेही याच गटाने मोजलं. वळायला सुरुवात मोजकेच पक्षी करतात, आणि ती बातमी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सेकंदाला २० ते ४० मीटर वेगाने जाते. चारशे पक्ष्यांचा थवा अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळात वळून मोकळा होतो. सुरुवात करणारे तेवढ्यापुरते पहिले, पुढच्या वळणाला दुसरेच कुणी. त्यांना म्होरके म्हणायचं असेल तर म्हणा, पण हे पद अर्ध्या सेकंदाचं आहे.

## घटक कमी असतील तर?

तर काही घडत नाही, आणि हीच या विषयातली सर्वात कामाची गोष्ट. रचना हळूहळू येत नाही. एका उंबरठ्याच्या अलीकडे ती नसते आणि पलीकडे असते.

वाळवंटी टोळांच्या पिलांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाच्या गोल रिंगणात पंख न फुटलेली पिलं सोडली. सातापर्यंत होती तोवर ज्याचं त्याचं तोंड वेगळं. दहा ते पंचवीस झाली की बराच वेळ सगळी एका दिशेने फिरायची, मग अचानक उलट. तिसाच्या वर गेली की सगळी एकाच दिशेने चालू लागली आणि उलटणं थांबलं. एकाही पिलाचा स्वभाव बदलला नव्हता. फक्त गर्दी वाढली होती.

यामागे ‘फीडबॅक’ आहे. घडलेल्या गोष्टीचा परिणाम फिरून त्याच गोष्टीवर होणं, एवढाच त्याचा अर्थ. तो दोन तऱ्हेचा. एक वाढवणारा: जितके उजवीकडे निघाले तितके आणखी उजवीकडे वळतात. दुसरा आवरणारा: फार जवळ आले की दूर सरतात. नुसता वाढवणारा असेल तर सगळं एका ढिगात किंवा एका टोकाला जातं, नुसता आवरणारा असेल तर काही सुरूच होत नाही. दोन्ही एकत्र लागतात. पुढचं प्रत्येक उदाहरण या जोडीवरच चालतं.

## पाखरांना निदान डोळे-मेंदू तरी आहेत

म्हणून आता जिवंत नसलेली वस्तू घेऊ: उन्हाळ्यात उललेलं काळं रान.

सोलापूरच्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा, आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या, पाणी गेलं की आकसणाऱ्या जातीची. वरचा थर आधी वाळतो आणि आकसू पाहतो. खालचा ओला थर त्याला धरून ठेवतो. त्यामुळे वरच्या थरात चहूबाजूंनी ताण येतो, आणि जिथे खडा, धसकट किंवा मुळीचं भोक असेल तिथे माती फाटते.

फाटलेल्या भेगेच्या टोकाला ताण गोळा होतो, म्हणून भेग पुढे पुढे धावते: हा वाढवणारा फीडबॅक. पण भेगेच्या दोन्ही कडांना ताण सैल पडतो, म्हणून तिला लागून दुसरी भेग पडत नाही: हा आवरणारा. हा सैल पट्टा किती रुंद, ते वाळलेल्या थराच्या जाडीवर ठरतं. म्हणून पातळ गाळ वाळला की पोपडे लहान निघतात आणि खोल काळ्या रानात ढेकळं पावलाएवढी, कधी त्याहून मोठी. एकाच रानात मोठ्या भेगांच्या आत बारीक भेगांची जाळी दिसते, कारण वरची पापुद्र्याएवढी माती वेगळी वाळते आणि खालची वेगळी.

भेगांचे कोनही असेच ठरतात. पहिल्या भेगेच्या आडवा ताण सुटलेला असतो, तिच्या लांबीच्या दिशेचा शिल्लक असतो. मागून येणारी भेग शिल्लक ताणाला काटकोनात फाडत येते, म्हणून पहिलीला नव्वद अंशात येऊन भिडते. पहिल्यांदाच वाळणाऱ्या गाळात म्हणूनच ‘टी’सारखे जोड आणि चौकोनी तुकडे दिसतात. तोच गाळ भिजवून पुन्हा वाळवला, असं अनेकदा केलं, की भेगा जुन्याच जागी उघडतात खऱ्या, पण त्यांचा आधी-नंतरचा क्रम दर वेळी बदलतो आणि जोड थोडा थोडा सरकत जातो. शेवटी तीन भेगा एका बिंदूत १२० अंशांवर भेटू लागतात आणि तुकडे षटकोनाकडे झुकतात.

घरी करून पाहता येतं. काळी माती वाळवून, कुटून चाळणीने चाळा, पाणी घालून पळीवाढी करा आणि सारख्या आकाराच्या दोन परातींत ओता: एकीत अर्धा सेंटिमीटर थर, दुसरीत दोन सेंटिमीटर. सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलं तर कडा आधी वाळतात आणि भेगा कडेकडेने जातात. जाड थरातले तुकडे मोठे निघतील. तिसऱ्या परातीला आधी तेलाचा हात फिरवा. तिथे भेगा फारच कमी पडतील, कदाचित माती आख्खीच्या आख्खी आकसून कडा सोडेल, कारण खालून धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. म्हणजे नक्षी मातीत नव्हती. आकसू पाहणारा थर आणि अडवणारा थर यांच्या ओढाताणीत होती.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण थंड होतानाही हाच खेळ झाला होता, फक्त पाण्याऐवजी उष्णता निघून जात होती. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे अशा उभ्या खांबांचाच डोंगर आहे. असे खांब कुणीतरी घडवले, अशा दंतकथा जगभर आहेत. दोष देऊ नये, खांब दिसतातच तसे.

## सगळं विस्कटत जाणं हाच निसर्गाचा नियम ना?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो अडाणीपणाचा नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो, की एकट्या सोडलेल्या व्यवस्थेत ‘एन्ट्रॉपी’, म्हणजे ढोबळ अर्थाने ऊर्जेचा विखुरलेपणा, कमी होत नाही. मग थवे आणि नक्षी येतात कुठून?

मेख ‘एकट्या सोडलेल्या’ या शब्दांत आहे. थवा, रान, ढग, शहर यांतलं काहीच एकटं सोडलेलं नसतं. मे महिन्यात घरातला फ्रिज आत गारवा धरतो तो मागच्या जाळीतून खोलीत उष्णता टाकूनच. आतली व्यवस्था बाहेरच्या जास्तीच्या अव्यवस्थेने फेडली जाते. पृथ्वीचंही तसंच आहे. सूर्याकडून येणारा प्रकाश सुमारे साडेपाच हजार अंश तापमानाच्या पृष्ठभागावरचा. पृथ्वी जवळपास तितकीच ऊर्जा अवकाशात परत टाकते, पण फार थंड, अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात. प्रकाशाच्या एकेका कणामागे सुमारे वीस कण बाहेर जातात. ऊर्जा तेवढीच, विखुरलेली मात्र वीस पट. या उतारावरच ज्वारी वाढते, टोळ ज्वारी खातो, भोरडी टोळ खाते आणि संध्याकाळी थव्यात उडते.

त्यामुळे दोन तऱ्हा वेगळ्या ठेवाव्या लागतात. थवा, ढग, वाहतूक या ओघावर जगणाऱ्या रचना. ओघ थांबला की संपल्या. भेगा आणि पाषाणाचे खांब या गोठलेल्या रचना. घडताना ओघ लागला, नंतर नुसत्या पडून राहतात.

## दिसायला सारखं म्हणजे कारणही तेच?

नाही, आणि लेखांत-भाषणांत इथेच सर्वाधिक घसरगुंडी होते. फ्रान्सच्या हेन्री बेनारने १९०० च्या सुमारास द्रवाचा पातळ थर खालून तापवला. तापमानातला फरक एका मर्यादेपलीकडे गेल्यावर थरात मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन उमटले: मधून द्रव वर येतो, कडांनी खाली जातो. १९१६ साली इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी गणित मांडलं, की तापलेला द्रव हलका होऊन वर येतो म्हणून हे घडतं. गणित बिनचूक होतं. पण १९५० च्या दशकात कळलं, की बेनारच्या पातळ थरात मुख्य काम पृष्ठभागाच्या ताणाचं होतं, हलकेपणाचं नव्हे.

षटकोन म्हणून मातीच्या भेगा, मधाचं पोळं आणि तापलेला द्रव यांना एका माळेत ओवणं सोपं असतं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. कारण ओळखायची रीत एकच: कोणता घटक काढला की नक्षी नाहीशी होते ते पाहायचं. वरची तेल लावलेली परात त्यासाठीच होती.

याच हिशेबाने, डोळा किंवा पंख ‘आपोआप रचले गेले’ असंही म्हणता येत नाही. आपोआप येते ती नक्षी. एखादं काम नेमकं करणारा अवयव पिढ्यान्‌पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीतून येतो, आणि ती वेगळी प्रक्रिया आहे.

## आपोआप आलेली रचना चांगलीच असते का?

वाहतूक कोंडी ही स्वयंसंघटनाचीच देणगी आहे. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना ताशी ३० किलोमीटरने चालवत राहायला सांगितलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्या वेळात एका जागी गाड्या थबकू लागल्या, आणि ती थबकलेली गाठ ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकत राहिली.

कारण साधं. पुढचा किंचित हळू झाला की मागचा क्षणभर उशिरा ब्रेक दाबतो, म्हणून जरा जास्त दाबतो. त्याच्या मागचा आणखी जास्त. गाड्या विरळ असतात तेव्हा मधली मोकळी जागा हा धक्का गिळते. दाट झाल्या की धक्का वाढत जातो. पुणे-सोलापूर हायवेवर सलग सुट्ट्यांत पंधरा मिनिटं खोळंबून पुढे गेल्यावर काहीच सापडत नाही, ते पुष्कळदा म्हणून. पुढच्याला चिकटून चालवणारा माणूस वेळ वाचवत नसतो. तो मागच्यांसाठी गाठ तयार करत असतो.

पायी गर्दीचे नियमही असेच. रुंद वाटेवर दोन्ही दिशांनी माणसं चालू लागली की पट्टे आपोआप पडतात: समोरून येणाऱ्याला चुकवावं लागतं, पुढच्याच्या मागे चालताना चुकवावं लागत नाही, म्हणून जो तो आपल्या दिशेच्या माणसामागे लागतो. ही झाली चांगली बाजू. दारापाशी उलट होतं. सगळे एकदम रेटू लागले की दारासमोर खांद्याला खांदा अडकून कमान तयार होते आणि कुणालाच निघता येत नाही. घाई वाढवली की बाहेर पडण्याचा वेग घटतो. चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायावर चालत नाही. गर्दीतून लाटा जातात आणि त्या त्याला नेतील तिकडे तो जातो.

थव्यात आणि अशा गर्दीत फरक एवढाच, की थव्यात पुढची बातमी मागे पोहोचते. गर्दीत पुढे माणसं चेंगरली जात असतात आणि मागच्याला ते कळतच नाही. पुढे पोहोचतो तो फक्त मागचा रेटा. म्हणून दारापाशी उभं राहून ‘ढकलू नका’ ओरडण्याचा उपयोग नसतो. ओघ बराच अलीकडे, मोकळ्या जागेत, तुकड्या पाडून थांबवावा लागतो, आणि आत जायची व बाहेर यायची वाट वेगळी ठेवावी लागते.

## मग नियोजन नकोच का?

वारीचं उदाहरण या विषयात फार सैल वापरलं जातं. लाखो माणसं, कुणी हुकूम देत नाही, तरी सगळं सुरळीत, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिलेली घडी आहे: रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक, विणेकरी, चोपदार, मुक्काम, वेळा. ती आखलेली व्यवस्था आहे आणि ती आखलेली आहे म्हणूनच टिकली. एकादशीला चंद्रभागेच्या घाटावर आणि प्रदक्षिणा मार्गावर जी गर्दी होते ती मात्र वर सांगितलेल्या पायी गर्दीच्या नियमांनी चालते. तिथे दिंडीची शिस्त गृहीत धरणं धोक्याचं.

सोलापूरच्या मागांचंही असंच मिश्रण. १८७७ साली गिरणी सुरू झाली, तो कुणीतरी घेतलेला निर्णय. पण त्यानंतर विणकर आले म्हणून सुताचे व्यापारी आले, ते होते म्हणून रंगणारे टिकले, जॅकार्डची, म्हणजे विणीतली नक्षी ठरवणारी, भोकांची कार्डं पाडणारे, बीम भरणारे, माग दुरुस्त करणारे जॉबर झाले, आणि हे सगळे एका हाकेवर असल्याने नवा माग टाकणाऱ्याला दुसरीकडे जावंसं वाटेना. चादर आणि टॉवेल इथेच का, याचं उत्तर हवापाण्यात शोधून पुरं मिळत नाही; त्या फीडबॅकमध्ये ते आहे. तोच फीडबॅक उलटाही फिरतो. एक रंगखाना बंद पडला की उरलेल्या मागवाल्यांचा खर्च चढतो, त्यामुळे आणखी एखादा माग थांबतो, मग दुसऱ्या रंगखान्याचं काम घटतं. अशा वेळी एकेका मागाला अनुदान देऊन भागत नाही; मधली सामाईक कडी वाचवावी लागते.

रचनेला हुकूम देता येत नाही, पण तिच्या अटी बदलता येतात. कोरडवाहू शेतकरी हे कधीचं करत आला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या रब्बी ज्वारीत पहिली कोळपणी (ओळींमधली माती कोळप्याने वरवर उकरणं) पीक तीन आठवड्यांचं असताना फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने करतात. पहिल्या दोन मुख्यतः तणासाठी. तिसरीत वरची काही बोटं माती भुसभुशीत होते. सुटी माती ताण पुढे नेत नाही, म्हणून नव्या भेगा वरून सुरू होत नाहीत. पडलेल्या भेगा तिनेच बुजतात, आणि खालची ओल वर चढायची वाट तुटते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते त्यामुळे. ही कोळपणी लांबवली तर भेगा मुळ्या तोडत खोल जातात, आणि मग वरून कोळपं फिरवून बुजतो तो फक्त भेगेचा तोंडाकडचा भाग. खाली ओल उडणं चालूच राहतं.